बहुवारिक चलनी नोटा

बहुवारिक चलनी नोटा : कागदाऐवजी बहुवारिकाच्या (अनेक लहान रेणू साखळीप्रमाणे जोडले जाऊन बनलेल्या संयुगाच्या) पातळ पटलावर छापलेल्या नोटा. व्यवहारात त्यांना ‘प्लॅस्टिकच्या नोटा’ असे म्हणतात. टिकाऊपणा हे त्यांचे सर्वपरिचित वैशिष्ट्य असले, तरी त्यांचा विकास मुख्यतः बनावट नोटांना आळा घालण्याच्या हेतूने झाला.

इतिहास : ऑस्ट्रेलियात १४ फेब्रुवारी १९६६ रोजी दशमान चलन सुरू झाले. नव्या नोटांच्या कागदात जलचिन्ह व सुरक्षा धागा असूनही त्याच वर्षाच्या अखेरीस दहा डॉलरच्या बनावट नोटा आढळून आल्या. सहज उपलब्ध असलेल्या मुद्रणसाहित्याने त्या तयार केलेल्या होत्या. रंगीत छायाचित्रणाची व प्रतिलिपी काढण्याची साधने सुधारत जातील, तसा हा धोका वाढणार हे ओळखून रिझर्व्ह बँक ऑफ ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन गव्हर्नर एच. सी. कूम्ब्झ यांनी तेथील राष्ट्रीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन संस्थेचे साहाय्य मागितले. १९६८ पासून डेव्हिड सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयत्नांतून प्लॅस्टिकच्या पटलाची कल्पना आकारास आली.

दरम्यान हैती (१९८०) व कोस्टा रीका (१९८३) या देशांनी पॉलिएथिलिनाच्या तंतूंपासून बनविलेल्या ‘टायव्हेक’ या पदार्थावर नोटा छापून पाहिल्या. परंतु उष्ण व दमट हवेत त्यांवरील शाई पसरू लागल्याने तो प्रयोग टिकला नाही. ऑस्ट्रेलियाने वसाहतीच्या द्विशताब्दीनिमित्त जानेवारी १९८८ मध्ये दहा डॉलरची नोट प्रसृत केली. तिच्या पारदर्शक भागात कॅप्टन कुक यांची विवर्तनाने (सूक्ष्म रेषांमुळे प्रकाशाचे वर्ण अलग होण्याच्या क्रियेने) रंग पालटणारी प्रतिमा होती. पहिल्या छपाईतील संरक्षक रोगणाचा थर पातळ असल्याने चित्रण घासले जाई. पुढील छपाईत तो दोष दूर करण्यात आला. १९९२ ते १९९६ या काळात पाच ते शंभर डॉलरपर्यंतच्या सर्व नोटा बहुवारिकाच्या झाल्या. पुढे न्यूझीलंड व रूमानिया (१९९९), व्हिएटनाम (२००३ पासून), कॅनडा (२०११ पासून) व ग्रेट ब्रिटन (बँक ऑफ इंग्लंड, २०१६ पासून) इ. देशांनी हे तंत्र स्वीकारले.

निर्मिती : या नोटांसाठी द्विअक्षीय ताणलेले पॉलिप्रोपिलीन वापरतात. वितळलेल्या पॉलिप्रोपिलिनाची नळी काढून ती पुन्हा तापवितात आणि आत हवा भरून तिचा प्रचंड फुगा करतात. त्यामुळे पदार्थ लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी ताणला जाऊन त्यातील रेणू व्यवस्थित मांडले जातात व पटलाला बळकटी येते. मूळ पटल काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या अपारदर्शक शाईचे थर देतात. मात्र ठराविक जागा मोकळी सोडतात. ही मोकळी जागा म्हणजेच नोटेची ‘खिडकी’ होय. नंतर ऑफसेट पद्धतीने पार्श्वभूमी व खोदीव पट्टांवरून उठावदार भाग छापून क्रमांक घालतात आणि शेवटी संरक्षक रोगण चढवितात.

सुरक्षा : कागदी नोटेतील जलचिन्ह उजेडासमोर धरून पाहावे लागते, खिडकी मात्र हातात घेताच दिसते. साध्या कागदावर प्रतिलिपी काढणाऱ्याला तिची नक्कल करता येत नाही. खिडकीत रंग पालटणाऱ्या प्रतिमा, उठावदार आकृती, तसेच दोन्ही बाजूंनी वेगवेगळे दिसणारे चित्रण योजता येते. यांशिवाय सूक्ष्माक्षरे व जंबुपार प्रकाशात चकाकणाऱ्या शाया यांचाही वापर होतो. तथापि कोणतेही पटल कायमचे अजिंक्य नसते. ऑस्ट्रेलियातही पुढे प्लॅस्टिकवर छापलेल्या बनावट नोटा सापडू लागल्याने २०१६ ते २०२० या काळात वरपासून खालपर्यंत पसरलेली खिडकी असलेली नवी मालिका काढावी लागली.

टिकाऊपणा व मर्यादा : हे पटल पाणी, घाम व तेल शोषून घेत नाही, त्यामुळे नोट मळत नाही व धुतली गेली तरी खराब होत नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या अंदाजानुसार तिचे आयुष्य कागदी नोटेच्या सु. अडीच पट असते. टिकाऊपणाचा सुरक्षेशीही निकटचा संबंध आहे. मळकट व चुरगळलेल्या नोटांच्या गर्दीत बनावट नोट सहज खपून जाते. स्वच्छ नोटांत ती चटकन उठून दिसते. बाद नोटांचे दाणे करून त्यांपासून इतर प्लॅस्टिकच्या वस्तू बनवितात. मात्र या नोटांचा उत्पादनखर्च अधिक असतो, घडी नीट बसत नाही, इस्त्रीच्या उष्णतेने त्या आकसतात आणि कडेला एकदा चीर पडली की ती झपाट्याने वाढते. ब्रिटनमधील पटलात प्राणिज चरबीचा अंश असल्याचे २०१६ मध्ये उघड झाल्यावर शाकाहारी व काही धर्मांच्या लोकांनी त्यास हरकत घेतली. परंतु लोकमत अजमावून बँकेने २०१७ मध्ये तेच पटल चालू ठेवले.

भारत : भारतीय नोटा कापसाच्या तंतूंपासून बनविलेल्या कागदावर छापतात, नासिक येथे त्यांची छपाई १९२८ पासून होत आहे. नोटा मळणे व फाटणे ही येथील जुनी समस्या असून, नोटांच्या गड्ड्यांना टाचण्या मारण्याची प्रथा रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बंद केली. कोची, म्हैसूर, जयपूर, भुवनेश्वर व सिमला या भिन्न हवामानांच्या पाच शहरांत दहा रुपयांच्या शंभर कोटी बहुवारिक नोटांची चाचणी घेण्याची योजना २०१४ मध्ये संसदेत सांगण्यात आली होती. तथापि तीनुसार नोटा चलनात आल्या नाहीत. प्रखर ऊन, दमट हवा व नोट घडी करून कनवटीला किंवा बटव्यात ठेवण्याची सवय या परिस्थितीत शाई व पटल किती टिकते, यावर या नोटांची भारतातील उपयुक्तता अवलंबून राहील. पटल कोणतेही असले, तरी घेणाऱ्याने नोट क्षणभर निरखून पाहिल्याखेरीज तिच्यावरील सुरक्षाचिन्हांचा उपयोग होत नाही.