रक्ताचा अंदाज नको, माप हवं

दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त खेळत असतं. बाळामागून वार सुटली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद होतात त्या मुख्यतः स्नायूच्या जोरावर. पिशवीच्या भिंतीत आडवेतिडवे गुंफलेले तंतू आकसतात आणि मधून जाणाऱ्या वाहिन्या आवळून धरतात. नर्स बेंबीपाशी हात दाबते, तेव्हा पिशवी टणक लागायला हवी. ती मऊ लागली तर धोका. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात सुमारे ७० टक्के वेळा कारण हेच असतं. जुळी असोत वा लांबलेल्या कळा, स्नायू थकतो. कधी नुसती तुंबलेली लघवीही पिशवीला आकसू देत नाही.

बाळ जन्मताच दिलेलं १० युनिट ऑक्सिटोसिन हा पहिला बचाव. पण ते थंड ठेवावं लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एएनएमनी, म्हणजे गावातल्या परिचारिकांनी, थंड ठेवाव्या न लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याच कामासाठी तिथे तयार झालेली साधी वस्तू: बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायचं प्लास्टिक, खाली निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. नुसत्या नजरेने केलेला अंदाज या मापापेक्षा एक तृतीयांशाने कमी भरला. म्हणजे रक्त जात असतं आणि सगळ्यांना वाटतं, ठीक आहे.

२०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांच्या अभ्यासाने हेच ठळक केलं. रेघांचं प्लास्टिक आणि रक्ताने रेघ ओलांडताच गर्भपिशवीला मसाज, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच; गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. प्रत्येक प्रसूतिगृहात हे प्लास्टिक असलंच पाहिजे.

घरी आल्यावरही गर्भपिशवीचं काम चालूच असतं. किलोभराची पिशवी सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येते ती शरीरातल्याच ऑक्सिटोसिनची. तिला घाबरू नये. पोट कितीही घट्ट बांधलं तरी पिशवी त्याने आकसत नाही. बाळंतिणीचं पाणी तोडणं तर सरळ चूक आहे. डिंकाचे लाडू खुशाल द्या, पण लोहाच्या गोळ्या १८० दिवस चुकवू नका. आणि तासाभरात पॅड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली किंवा स्रावाला घाण वास आला, तर रात्र असली तरी १०८ला फोन करा.