फर्मवेअर, पर्यायी

इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या कायम स्मृतीत साठविलेल्या व ते चालविणाऱ्या आज्ञावलींच्या संचास फर्मवेअर म्हणतात. निर्मात्याने दिलेला हा संच काढून त्याच्या जागी इतरांनी तयार केलेला संच बसविल्यास त्याला पर्यायी फर्मवेअर म्हणतात. घरातील संगणक-जाळ्यातून वा इंटरनेटवरून चित्रपट आणि संगीत मिळवून ते दूरचित्रवाणी संचावर दाखविणारे मीडिया प्लेअर हे वस्तुतः लहान संगणकच असतात. त्यांत प्रक्रियक, स्मृती व पुष्कळदा लिनक्स ही परिचालन प्रणाली असते. त्यामुळे त्यांवर अन्य आज्ञावली चालविणे सोपे असावे, असे वाटते. खरी अडचण मात्र आज्ञावली लिहिण्यात नसून ती बूट करण्यात, म्हणजे वीज मिळताच यंत्राने तीच आज्ञावली चालवावयास घ्यावी अशी व्यवस्था करण्यात असते.

बूट होण्याचा क्रम : प्रक्रियक प्रथम स्वतःच्याच चिपमध्ये कारखान्यात कोरलेली एक अतिशय छोटी आज्ञावली चालवितो. ती बदलता येत नाही. ती फ्लॅश स्मृतीतून बूटलोडर उचलते. बूटलोडर परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलतो आणि कर्नल उरलेली प्रणाली सुरू करतो. सुरक्षित बूट पद्धतीत प्रत्येक टप्पा पुढील टप्प्याची अंकीय सही तपासतो. निर्माता आपल्या गुप्त किल्लीने सही करतो व ती पडताळणारी जाहीर किल्ली उपकरणात असते. फर्मवेअरमधील एक बिट बदलला तरी सही जुळत नाही. गुप्त किल्ली हाती लागणे जवळजवळ अशक्य असल्याने पर्यायी फर्मवेअर करणारे सहीच्या वाटेस सहसा जात नाहीत. साखळीतील कोणता दुवा पुढच्या दुव्याची तपासणी करीत नाही, एवढेच ते शोधतात.

२००७ साली विक्रीस आलेल्या पहिल्या ॲपल टीव्हीत असा दुवा सापडला. हे यंत्र ॲपलचा मूळ बूटलोडरच स्वीकारी; पण तो बूटलोडर पुढे येणाऱ्या कर्नलची शहानिशा करीत नसे. म्हणून बूटलोडरला हातही न लावता, ॲपलच्या कर्नलचे नाव व रूप दिलेली एक छोटी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर ठेवण्यात आली. मूळ बूटलोडर तिला आपला कर्नल समजून चालवी व ती पुढे हवी ती प्रणाली सुरू करी.

गूगलच्या क्रोमकास्टचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. जुलै २०१३ मध्ये ३५ डॉलर किंमतीला आलेल्या या यंत्रात सही तपासण्याची व्यवस्था होती. बटण दाबून धरून वीज दिली, की ते यूएसबीवरून बूट होई आणि तेथील प्रतिमेची सही पडताळूनही पाही. परंतु पडताळणीचा निष्कर्ष काय आला, याकडे बूटलोडर लक्षच देत नसे. सही खोटी ठरली तरी प्रतिमा चालविली जाई. गूगलने बूटलोडरची मूळ संहिता परवान्यानुसार प्रसिद्ध केलेली असल्याने चूक नेमकी कोठे आहे, हे जीटीव्हीहॅकर या गटाला वाचूनच दाखविता आले. यंत्र बाजारात आल्यानंतर काही दिवसांतच हे घडले. गूगलने लगेच दुरुस्त फर्मवेअर धाडले. क्रोमकास्ट इंटरनेटला जोडताच आपोआप अद्ययावत होत असल्याने दुरुस्ती न पोहोचलेले यंत्र मिळणे लवकरच कठीण झाले. २०१४ मध्ये दुसरी वाट सापडली, पण तीत यूएसबी उपकरणाचे सोंग घेणारा टीन्झी हा लहानसा फलक लागे. तीही पुढे बंद करण्यात आली.

बूटलोडरशी प्रत्यक्ष बोलण्यासाठी उपकरण उघडून मंडल फलकावरील क्रमिक जोडणीचे तीन-चार बिंदू शोधावे लागतात. त्यांना तारा डाखून संगणकाला जोडल्यास बूट होण्याची प्रत्येक पायरी पडद्यावर दिसते. हे बिंदू पुष्कळदा ३·३ व्होल्टचे असतात. जुन्या संगणकाची क्रमिक जोडणी सरळ लावल्यास चिप जळू शकते. बूटलोडर शाबूत असेतोवर चुकीचे फर्मवेअर काढून पुन्हा लिहिता येते. तोच पुसला गेला, तर फ्लॅश चिप काढून ती स्वतंत्र यंत्रावर लिहावी लागते, आणि ते न साधल्यास उपकरण विटेइतकेच उपयोगाचे राहते. अशा यंत्राला ब्रिक झालेले म्हणतात.

या साऱ्यामागील वाद तांत्रिक कमी व मालकीचा अधिक आहे. १९९९ पासून विकल्या गेलेल्या टिव्हो या दूरचित्रवाणी मुद्रकात लिनक्स होते व परवान्याप्रमाणे त्याची संहिताही मिळे. परंतु पुढील नमुन्यांत बदललेला कर्नल यंत्रच नाकारी. संहिता बदलण्याचा हक्क द्यावयाचा आणि बदललेली संहिता चालू द्यावयाची नाही, या प्रकारास टिव्होकरण असे नाव पडले. जून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीने त्यास प्रतिबंध घातला, मात्र लिनक्सचा कर्नल दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. निर्मात्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही : भाड्याने दिलेल्या चित्रपटांचे रक्षण व घातक आज्ञावलींना अटकाव या दोन्हींसाठी त्यांना सही आवश्यक वाटते. अमेरिकेत २०२१ मध्ये चलच्चित्रे प्रवाहित करणाऱ्या उपकरणांची कुलपे वैध आज्ञावली चालविण्यासाठी उघडण्यास सूट मिळाली.

यंत्राचे आयुष्य निर्मात्याच्या सेवेपेक्षा लांब असते, तेव्हा हा प्रश्न नित्याचा होतो. मे २०१८ मध्ये पहिल्या ॲपल टीव्हीचा आयट्यून्स स्टोअरशी संबंध तुटला. ९ मार्च २०२५ रोजी दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली व सुस्थितीतील यंत्रे एकाएकी अविश्वसनीय ठरून निरुपयोगी झाली. गूगलकडून काही दिवसांनी नवे फर्मवेअर आल्यावरच ती पुन्हा चालू लागली.