कलम बांधायला शिका : कोय कलमाचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण

महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कोरडवाहू व डोंगरउताराच्या जमिनीवरही आंबा, काजू, बोर, सीताफळ यांच्या बागा उभ्या राहू लागल्या. त्यामुळे कलमांची मागणी वाढली. मात्र कलम बांधण्याची कला आजही थोड्याच हातांत आहे. बहुतेक बागायतदार कलमे विकत आणतात आणि रोपवाटिकेतून जे मिळेल त्यावर भरवसा ठेवतात.

आंब्याची लागवड पारंपरिक पद्धतीने १० × १० मीटरवर केल्यास हेक्टरी १०० झाडे बसतात. यांपैकी काही कलमे मेली तर नांग्या भरता येतात. पण कलमाची काडी मरून खालचा खुंटच वाढला, तर ते झाड रायवळ निघाल्याचे फळ धरल्यावरच कळते. तोपर्यंत खत, पाणी, राखण यांवर काही वर्षांचा खर्च झालेला असतो. म्हणून कलम कसे बांधतात आणि चांगले कलम कसे ओळखतात, हे प्रत्येक फळबागायतदाराच्या घरात निदान एका व्यक्तीला आले पाहिजे.

कलम कशासाठी?

हापूसच्या कोयीपासून हापूसच मिळेल, असे नाही. हापूसच्या कोयीतून येणारे रोप परागीभवनातून तयार झालेले असते, त्यामुळे त्यात मातृवृक्षाचे सर्व गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. शिवाय कोयीचे झाड फळावर यायला फार वर्षे लागतात. चांगले सांभाळलेले कलम मात्र साधारण पाचव्या वर्षापासून उत्पन्न देऊ लागते.

प्रशिक्षण कसे असावे?

चाकूचा कोन, कापाची सफाई आणि पट्टीचा ताण या गोष्टी वाचून समजतात, पण हाताला येत नाहीत. म्हणून ज्या वर्गात तज्ज्ञ कलम बांधून दाखवतात आणि इतर सर्वजण केवळ उभे राहून पाहतात, त्याचा उपयोग मर्यादित आहे. नाव नोंदवण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. प्रत्येकाला स्वतंत्र कलमचाकू, खुंट व काड्या मिळणार का?
२. स्वतः किती कलमे बांधायला मिळतील?
३. बांधलेल्या कलमांवर आपापल्या नावाची चिठ्ठी राहील का?
४. तीन-चार आठवड्यांनी ती कलमे पाहायला पुन्हा बोलावले जाईल का?

यांतील चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. कलम बांधल्या दिवशी सर्वच कलमे सारखी दिसतात. आपला हात कोठे चुकला, ते पुढे कलमच सांगते.

आधी कापाचा सराव

पहिल्याच दिवशी आंब्याची काडी हातात घेऊ नये. जास्वंद किंवा इतर कोणत्याही झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या घेऊन त्यांवर पाचरीचा काप घेण्याचा सराव करावा. चाकू धारदार व स्वच्छ असावा. काप एका ओढीत, सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारख्या उताराचा यावा. चाकू पुन्हा पुन्हा फिरवल्यास काप खडबडीत होतो, खुंटात पोकळी राहते व तेथे पाणी शिरते. दोन काप एकमेकांना लावून उजेडाकडे धरावेत. मधून उजेड दिसत असेल, तर सराव आणखी हवा.

कोय कलमाची पद्धत

कोकणात दापोली येथील कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ही पद्धत शिकाऊ व्यक्तीस सोयीची आहे. कोकणातील दमट हवेत जून ते ऑगस्ट हा तिचा हंगाम होय.

खुंट : ताज्या, निरोगी कोयी गादीवाफ्यावर रुजत घालाव्यात. रोप साधारण १० ते १५ दिवसांचे, तांबूस कोवळ्या पानांचे असताना कोयीसह अलगद काढावे. मुळे व कोय पाण्याने धुऊन कार्बेन्डॅझिमच्या द्रावणात (१ लीटर पाण्यात १ ग्रॅम) पाच मिनिटे बुडवावीत.

काडी : जातिवंत, नियमित फळणाऱ्या व निरोगी मातृवृक्षावरील तीन ते चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेली, १० ते १५ सें.मी. लांबीची काडी निवडावी. मोहोर येऊन गेलेली काडी घेऊ नये. काढण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापावीत, म्हणजे डोळे फुगतात. काढलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात व शक्यतो त्याच दिवशी वापराव्यात.

बांधणी : रोपाचा शेंडा कोयीपासून सुमारे ६ ते ८ सें.मी. उंचीवर आडवा कापून मध्यभागी ३ ते ४ सें.मी. खोल उभा काप द्यावा. काडीच्या बुडाशी तेवढ्याच लांबीची पाचर करून ती खुंटात बसवावी. सालीच्या आत व लाकडाच्या बाहेर एक पातळ जिवंत थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. खुंट व काडी यांचे हे थर एकमेकांस भिडले तरच सांधा जुळतो. म्हणून दोन्हींची जाडी सारखी असावी. काडी बारीक असल्यास मध्यभागी न बसवता एका बाजूची साल सालीला जुळवावी. नंतर सुमारे २ सें.मी. रुंदीच्या पॉलिथीन पट्टीने खालून वर घट्ट बांधावे. माती, शेणखत भरलेल्या व तळाशी छिद्रे असलेल्या पिशवीत कलम लावून सावलीत ठेवावे. पाणी बेताचे द्यावे.

कलम काय सांगते?

साधारण दोन ते तीन आठवड्यांत काडी फुटू लागते. पण फुटवा आला म्हणजे कलम साधले, असे समजू नये. काडी काही दिवस स्वतःच्या साठ्यावरही फुटते. फुटून नंतर सुकली, तर थर जुळले नव्हते किंवा पट्टी सैल होती. फुटण्यापूर्वीच सुरकुतली, तर काडी शिळी होती किंवा बांधायला उशीर झाला. खुंट बुडाशी कुजला, तर पाणी जास्त झाले किंवा पिशवीचा निचरा नाही. प्रत्येकाने वहीत बांधलेली कलमे, जगलेली कलमे आणि मेलेल्यांचे कारण लिहावे. अशा नोंदीने पुढील हंगामात हात सुधारतो.

सांध्याखालून येणारे फुटवे वेळोवेळी काढावेत. ते राहिल्यास खुंट जोर धरतो व वरची काडी मरते. सांधा पक्का जुळल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांनी, पट्टी सोडावी, अन्यथा ती सालीत रुतते. कलम विकत घेतानाही सांधा व त्याखालचा फुटवा या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

चाकू भगिनींच्याही हाती द्यावा

अनेक रोपवाटिकांत पिशव्या भरणे, पाणी घालणे, तण काढणे ही कामे स्त्रिया करतात आणि कलमे बांधण्याचे काम पुरुषांकडे असते. कलमकाराला मजुरी बांधलेल्या किंवा जगलेल्या कलमांवर मिळते, त्यामुळे कुशल हाताची मिळकत साहजिकच जास्त असते. या कामाला ताकद लागत नाही. नजर, सफाई आणि सराव लागतो. म्हणून प्रशिक्षणास घरातील एकच व्यक्ती जाणार असेल, तर ती मुलगी, सून किंवा पत्नी का असू नये, याचा विचार करावा. स्वयंसहाय्यता गटाने मिळून लहान रोपवाटिका सुरू करता येते. मात्र विक्रीसाठी रोपवाटिका काढताना कृषी विभागाकडून आवश्यक तो परवाना घ्यावा.

कोठे चौकशी करावी?

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, त्यांची फळ संशोधन केंद्रे आणि आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करावी. देशावर हंगाम व पद्धत वेगळी असते. बोरीला व संत्र्याला डोळा भरतात, डाळिंबाला गुटी बांधतात. म्हणून आपल्या भागातील पिकाचेच प्रशिक्षण निवडावे.

चौकशी उन्हाळ्यातच करावी, कारण पाऊस सुरू झाल्यावर कोयी, काड्या व हंगाम कोणासाठी थांबत नाहीत. पहिल्या वर्षी ५० कलमांचेच उद्दिष्ट ठेवावे. त्यांतील निम्मी जगली तरी निराश होऊ नये. वहीतील नोंदी वाचाव्यात, चाकूला धार लावावी आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बसावे.