मल्लाचा निरोप आणि गांवाचें कर्ज

मल्ल परगांवच्या फडास निघाला म्हणजे गांव त्यास वेशीपर्यंत पोंचवावयास जातें, जिंकून आला म्हणजे हलगीच्या कडकडाटांत खांद्यावर घेऊन मिरवितें, आणि तो जगांतून गेला म्हणजे दुकानें बंद ठेवून त्यास शेवटचा निरोप देतें. या तिन्ही प्रसंगीं आमच्या लोकांचें प्रेम खोटें असतें असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु मिरवणूक व प्रेतयात्रा यांच्यामधल्या तीस-चाळीस वर्षांत तें गांव कोठें असतें, हा प्रश्न आम्हीं आज घनसावंगीच्या नागरिकांपुढें, व विशेषतः व्यापारी मंडळीपुढें, मांडण्याचें योजिलें आहे.

बलोपासनेचा विषय या तालुक्यास परका नाहीं. इ. स. १६०८ मध्यें येथल्या जांब गांवीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं पुढें कृष्णाखोऱ्यांत अकरा मारुति स्थापिले. त्यांपैकीं शहापूर, मसूर व उंब्रज येथील मारुति कराड तालुक्यांत आहेत. त्याच कराड तालुक्यांतील गोळेश्वर या खेड्यांत १९२६ सालीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. त्यांची हकीगत प्रत्येक गांवानें आपल्या हिशेबाच्या वहीशीं ताडून पाहण्यासारखी आहे.

१९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकास गेले. लाल मातींत वाढलेल्या या मल्लास तेथें गादीवर लढावें लागलें, तरी त्यांनीं आपल्या वजनांत सहावा क्रमांक मिळविला. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें ठरलें तेव्हां पैशांची अडचण पुन्हा उभी राहिली. मग गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असें सांगतात. आपल्या विद्यार्थ्यास निरोप देतांना हार न घालतां घर गहाण टाकणारा गुरु विरळा! हेलसिंकीस खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरवून कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते परत आले तेव्हां कराडास दीडशेंवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, व पाव तासाच्या वाटेस सात तास लागले, अशी आठवण त्यांचे आप्त सांगत. पुढें खाशाबांनीं कुस्त्यांचे फड करून गुरूचें घर सोडविलें, अशीही हकीगत आहे. म्हणजे मल्लानें आपलें कर्ज फेडलें. आतां गांवानें, प्रांतानें व देशानें आपलें कसें फेडलें तें पाहूं.

१९५५ सालीं खाशाबा मुंबईच्या पोलिसांत फौजदार झाले. त्या नोकरींत त्यांस बढती मिळावयास फार वर्षें लागलीं, आणि निवृत्तिवेतनासाठींही त्यांस खेटे घालावे लागले, असें त्यांच्याविषयीं लिहिणारे सांगतात. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं वाहनाच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर! २०१० सालीं दिल्लीच्या कुस्तीगृहास त्यांचें नांव दिलें गेलें. परंतु गोळेश्वरास व्हावयाच्या कुस्ती-संकुलाचें काम रखडलें, तेव्हां २०१७ सालीं त्यांच्या पुत्रानें पदकाचा लिलांव पुकारण्याची भाषा केली. ज्या पदकामागें दीडशें गाड्या धांवल्या, तें विकून गांवास तालीम बांधावी लागावी, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? महाराष्ट्रास दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास २०२४ साल, म्हणजे बहात्तर वर्षें, लागलीं. तें राधानगरी तालुक्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं नेमबाजींत मिळविलें. मधल्या काळांत महाराष्ट्रांत मल्ल निपजलेच नाहींत काय? पुष्कळ निपजले, परंतु ज्याचा गुडघा मोडला कीं संसार मोडतो, अशा धंद्यांत आपला मुलगा शेवटपर्यंत कोण ठेवील?

यावर कोणी म्हणतील कीं, हें सर्व सरकारचें काम आहे. सरकारचें आहेच, व तें त्याजकडून करून घेतलेंच पाहिजे. परंतु ऑलिंपिक गाठणारा लाखांत एक. बाकीचे मल्ल जत्रेच्या फडांत आपल्या आनंदासाठीं हाडें झिजवितात, आणि सरकारच्या दप्तरीं त्यांची नोंदही नसते. त्यांचा जिव्हाळा फड भरविणाऱ्यांनींच धरावा, हें न्यायास धरून आहे. दुसरे म्हणतील, ‘आम्हीं इनाम दिलें, व्यवहार मिटला.’ आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही विचारतों : दुकानांतील जुना मुनीम आंधळा झाला तर पगार दिला होता म्हणून तुम्ही त्यास दारांतून हांकलून देतां काय?

आमची सूचना साधी आहे. जत्रेच्या कुस्त्यांसाठीं जी वर्गणी जमेल, तिच्यांतील शंभर रुपयांमागें दहा रुपये निराळे काढून बँकेंत मल्लनिधि म्हणून ठेवावे. मोडलेल्या हाताच्या उपचारास, विम्याच्या हप्त्यास व वृद्ध मल्लाच्या खुराकास तो खर्चावा, आणि फडाच्या दिवशीं, पहिली कुस्ती लागण्यापूर्वीं, त्याचा जमाखर्च सर्वांदेखत वाचून दाखवावा. निधि जातपात पाहणारा नसावा, व मुलींसही खुला असावा. २०२३ सालीं सांगलीस महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली असतां मुलींस आखाड्याबाहेर ठेवणें शोभत नाहीं. शिवाय तालमींतील मुलाची शाळा सुटूं नये, याची जबाबदारी पंचांनीं घ्यावी. खाशाबांच्या पाठीशीं शाळा-कॉलेज होतें म्हणूनच घर गहाण टाकणारा प्राचार्य त्यांस भेटला.

हार दुसऱ्या दिवशीं सुकतात, फेट्याचा रंग धुतांना जातो. आमच्या तालुक्यांतून उद्यां एखादा मुलगा वा मुलगी मोठ्या फडास निघेल तेव्हां वेशीवर गर्दी होईलच. तिला आमची ना नाहीं. परंतु त्या गर्दींतील प्रत्येक गृहस्थानें घरीं परततांना वहींत दहा रुपये नांवें टाकले, तरच आम्ही त्यास निरोप म्हणूं.