हवा पाहावी, पाणी पाहावे, मगच गाव निवडावे

पुनावळे हे पवनेकाठचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका बाजूला हिंजवडीच्या कंपन्या, दाराशी मुंबई-बंगळूर महामार्ग. पेरणी व्हायची तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. अशा गावातली वडीलधारी माणसे म्हणू लागतात, "जमिनीचे चार पैसे हाती आहेत, तोवर एखाद्या लहान गावी जाऊन राहू. कोवळे ऊन मिळेल, हवा चांगली असेल." तुमच्याही घरात हा विषय निघाला असेल, तर घाई करू नका. दुरून डोंगर साजरे दिसतात.

चांगल्या हवेचा शोध काही आजचा नाही. इंग्रज साहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात, पण पावसाळा लागला की तिथे राहणे कठीण होई. बाराही महिने राहता येईल अशी जागा म्हणून १८६० नंतरच्या काळात जॉन चेसन या इंग्रजाने पाचगणी वसवली. महाबळेश्वरहून ती जेमतेम २० किलोमीटर पूर्वेला, पण पाऊस निम्म्याहूनही कमी! समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पुढे उरलासुरला पाऊस जातो. पुढे १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी तिथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. क्षयावर तेव्हा रामबाण औषध नव्हते. ऊन, स्वच्छ हवा आणि विश्रांती हाच उपचार होता.

यातून दोन खुणा ध्यानात ठेवा. घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरावे तसा पाऊस कमी होतो आणि ऊन वाढते. लोणावळ्यात धो धो कोसळणारा पाऊस पुनावळ्यात येईतो किती मवाळ होतो, हे तुम्ही पाहताच. दुसरी खूण उंचीची. दर १०० मीटर चढाला हवा साधारण अर्धा-पाऊण अंशाने थंड होते. म्हणून पाचगणी गार, तर पसरणी घाट उतरून खाली वाईला आलात की उन्हाळ्याची दुपार तापतेच. वाईला मात्र कृष्णामाई आहे, भरलेला बाजार आहे.

पण फार पूर्वेला गेलात तर ऊन भरपूर आणि पाणी दुर्मिळ! म्हणून गाव आवडले तरी ते दोनदा पाहा. आषाढात आठ दिवस राहा; भिंतींना ओल येते का, अंथरूण दमट होते का, ते कळेल. वैशाखात पुन्हा जा आणि नळावरच्या बायकांना विचारा, पाणी किती दिवसांनी येते. त्यांच्याइतके खरे उत्तर कोणी देणार नाही. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळतो का, एस.टी. किती वाजेपर्यंत आहे, हेही विचारा. आणि घरच्या लक्ष्मीला विचारायला विसरू नका. नव्या गावात तिला बोलायला कोण, हा प्रश्न हवेइतकाच मोठा आहे.

आता जमिनीविषयी. आपल्या राज्यात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. सगळे सात-बारे विकून बसलात, तर पुढे चार गुंठे घेतानाही अडचण येऊ शकते. त्याआधी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आहे. तिथे बांधकामावर कडक बंधने आहेत. स्वस्त प्लॉटच्या जाहिरातीला भुलू नका.

सर्वांत बरे म्हणजे एक वर्ष भाड्याच्या खोलीत काढावे आणि इकडचे घर तसेच ठेवावे. मानवले तर राहावे, नाही तर परत यावे. हवा पुन्हा बदलता येते. वाडवडिलांची जमीन मात्र एकदाच विकता येते.