धावून थकलेली पोटरी उडीला दगा का देते? समजून घ्या

लष्कर भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावणं असतं आणि ९ फुटांचा खड्डा उडी मारून पार करावा लागतो. एरवी सहज पार होणारा हाच खड्डा धावून आल्यावर रुंद वाटू लागतो. पाय जड झाले, असं उमेदवार म्हणतात. या जडपणामागचं एक मोठं कारण पोटरीत असतं.

पोटरी नेमकं काय करते?

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्या आतला सोलियस. दोन्ही स्नायू अकिलिस टेंडनने टाचेला जोडलेले असतात. पाय जमिनीवर आपटला की हे टेंडन रबरासारखं ताणलं जातं, ऊर्जा साठवतं आणि पुढच्याच क्षणी ती परत देऊन शरीराला उचलतं.

पण रबर ताणायचं तर त्याचं दुसरं टोक कुणीतरी घट्ट धरावं लागतं. ते काम स्नायूचं. उडी मारताना स्नायू आकसून जो कडकपणा धरतो, त्यावर ही स्प्रिंग चालते.

थकल्यावर काय बिघडतं?

दमछाक झाल्यावर स्नायूच्या पेशींमध्ये फॉस्फेट साठतं आणि आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम कमी सुटतं. मेंदूकडून येणारे संदेशही क्षीण होतात. त्यामुळे स्नायूची पकड सैल पडते. पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो, साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते आणि उडी खुजी पडते. ही कसर भरून काढायला शरीर मांडी आणि नितंबाच्या स्नायूंवर जास्त भार टाकतं.

मग पोटऱ्या आखडल्यासारख्या का वाटतात?

इथेच अनेकांची गल्लत होते. सवय नसताना उड्यांचा किंवा उतारावर धावण्याचा जोरदार सराव केला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आखडतात. हा विश्रांतीच्या स्थितीतला ताठरपणा असतो. तो वाढला म्हणून उडीला लागणारा कडकपणा वाढत नाही. उलट, त्या काळात स्नायूची ताकद घटलेलीच असते.

सराव करताना काय लक्षात ठेवावं?

उडीचं तंत्र शिकायचं असेल तर ते वॉर्मअपनंतर, पाय ताजे असताना शिका. मात्र चाचणी जवळ आली की अधूनमधून धावून झाल्यावरही उडी मारून पाहा, म्हणजे थकलेल्या पायांचा अंदाज येतो. उडीच्या जोरदार सरावानंतर पोटऱ्यांना एक-दोन दिवस आराम द्या. उडीच्या तोंडावर पोटरी मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरू नका, त्याने जोर तात्पुरता घटतो. टाचा उचलण्याचा व्यायाम नियमित केल्यास पोटरी उशिरा थकते.

टाचेच्या मागे अचानक तीव्र कळ आली किंवा काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला, तर मात्र तो थकवा समजू नका. सराव तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.