दोर आधी, माणूस नंतर

उंच झाडावर चढायचं म्हटलं की खोडाला मिठी मारून वर सरकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिका-युरोपातले वृक्षकर्मी, ज्यांना तिकडे आर्बरिस्ट म्हणतात, ते सहसा असे चढत नाहीत. ते आधी जमिनीवर उभं राहून वरच्या एखाद्या भक्कम बेचक्यातून दोर ओवून घेतात, त्याची परीक्षा करतात आणि मगच त्या दोरावरून वर जातात. माणसाचे पाय जमिनीवरून उचलले जातात तेव्हा त्याचा आधार त्याच्या डोक्यावर आधीच पोचलेला असतो. ही सगळी विद्या या एका क्रमावर उभी आहे.

याला सोपा वाटणारा पर्याय म्हणजे पायाला बांधायचे लोखंडी काटे, म्हणजे स्पाइक. पोटरीला पट्ट्यांनी आवळलेली एक लोखंडी पट्टी आणि पावलाच्या आतल्या बाजूला खाली झुकलेलं तिचं अणकुचीदार टोक. ते खोडात रुतवायचं, खोडाभोवतीचा कमरपट्टा वर सरकवायचा, दुसरा पाय उचलायचा. लाकडी खांबांवर चढणारे विजेचे आणि टेलिफोनचे लाइनमन पिढ्यान्‌पिढ्या याच काट्यांवर चढत आले. खांब म्हणजे मेलेलं लाकूड, त्याला काही फरक पडत नाही. झाडाला पडतो.

झाडाच्या सालीखाली कॅम्बियम नावाचा जिवंत पेशींचा पातळ थर असतो. खोडाची जाडी वाढते ती या थरामुळे. पातळ सालीच्या झाडात काटा हा थर फोडून थेट लाकडात शिरतो. अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी साखळी करवतीने असंख्य खोडं उभी चिरून जुन्या जखमांचं आत काय झालं ते तपासलं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीचं सार असं, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. बिघडलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती भिंती उभ्या करून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. वरून साल मिटलेली दिसली, तरी काट्याचं भोक पोटात तसंच राहतं. त्या वाटेने बुरशी आणि कीड शिरते. एकच भोक असतं तर झाडाने ते सहज पचवलं असतं, पण काट्यांवरचा माणूस पायागणिक भोक पाडत जातो, आणि छाटणीसाठी त्याच झाडावर तो पुन्हापुन्हा येतो.

म्हणून ए-३०० हे छाटणीचं अमेरिकी मानक सांगतं की जे झाड जगवायचं आहे, त्यावर काटे वापरू नयेत. सवलती मोजक्या आहेत. वर अडकलेल्या जखमी माणसाला उतरवायचं असेल, फेकलेली दोरी पोचणार नाही इतक्या उंचीवर फांद्या असतील आणि दुसरा मार्गच नसेल, किंवा काटा कॅम्बियमपर्यंत जाणार नाही एवढी साल जाड असेल, अशा वेळी. जे झाड पाडायचंच आहे, त्यावर मात्र काटे खुशाल चालतात.

काट्यांचा दुसरा दोष चढणाऱ्याच्या जिवाशी गाठ घालणारा आहे. सुटी साल पायाखाली आली की काटा सालीसकट निसटतो, आणि माणूस खोडाला घासत खाली येतो. मध्ये फांदी आडवी आली की कमरपट्टा सोडून फांदीच्या वर लावावा लागतो. जवळ दुसरा पट्टा नसेल, तर तेवढा वेळ माणूस दोन टोकांवर उभा असतो आणि त्याला दुसरा कसलाच आधार नसतो.

आता दोर वर जातो कसा ते पाहू. चढायचा दोर साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा आणि चांगलाच वजनदार, तो थेट भिरकावता येत नाही. म्हणून आधी फेकदोरी जाते. ही जेमतेम दोन मिलिमीटरची, गुळगुळीत आणि न ताणली जाणारी. तिच्या टोकाला बारीक छर्रे भरलेली, पाव ते अर्धा किलोची लांबट पिशवी. उरलेली दोरी उघड्या कापडी पेटीत सैल सोडून ठेवतात, म्हणजे ती गुंता न होता मागोमाग उलगडत जाते. फेकणारा पाय फाकवून उभा राहतो, दोरीची दुहेरी घडी करून पिशवी दोन्ही हातांनी पायांमध्ये झुलवतो आणि झोका पुढे आला की सोडतो. जोरापेक्षा सोडण्याची वेळ महत्त्वाची. क्षणभर उशीर झाला की पिशवी सरळ डोक्यावर जाते आणि तिथूनच परत येते, म्हणून शिरस्त्राण फेकीच्या आधीच चढवायचं असतं. हात पोचत नाही तिथे दोन-अडीच मीटर लांब दांड्यावर बसवलेली मोठी गलोल वापरतात.

पिशवी हव्या त्या बेचक्यातून गेली म्हणजे काम झालं असं नाही. बहुतेक वेळा ती त्याबरोबर आणखी दोन-तीन फांद्यांवरूनही जाते. मग दोरी हळूहळू मागे ओढून पिशवी नको त्या फांदीवरून अलगद परत काढायची, झुलवायची आणि योग्य बाजूने खाली सोडायची. हे काम फेकीपेक्षा चिकाटीचं. पिशवी अडकली तर दोरी हाताला गुंडाळून हिसका द्यायचा नाही, कारण सुटलेली पिशवी गोळीसारखी तोंडावर येते. दोरी मोकळी झाली की तिच्या टोकाला चढायचा दोर बांधतात. ती गाठही निमुळती असावी लागते, जाड गाठ बेचक्यात अडकते. साल घासू नये म्हणून बेचक्यात चामड्याची नळी किंवा दोन कड्यांचा पट्टा बसवतात. त्याने झाडाची साल वाचते आणि दोरही.

खरी कसोटी मात्र फेकीच्या आधीची, ती म्हणजे बेचकं निवडण्याची. अनुभवी माणूस झाडाभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय पिशवीला हात लावत नाही. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, मुळांजवळची माती उचलली गेली आहे का, खोडात ढोली किंवा उभी चीर आहे का, हे खाली पाहून घ्यायचं. मग दुर्बिणीतून वर पाहायचं. फांदी जिवंत हवी, मनगटापेक्षा चांगली जाड हवी आणि दोर खोडालगत बसायला हवा. फांदीवर जितकं बाहेर जाल तितकी ती कमजोर. दोन फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढल्या असतील, तर त्यांच्यामध्ये साल दबलेली असते आणि तो सांधा दिसतो तेवढा पक्का नसतो. झाडाची जातही पाहायची. चिंचेच्या फांदीवर टाकाल तो विश्वास गुलमोहराच्या किंवा शेवग्याच्या फांदीवर टाकता येत नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी, आग्या मोहोळ. वीजतारा जवळून जात असतील, तर दोरी फेकायचीच नाही.

मग येतं वजनाचं गणित, आणि इथे नवखा हमखास चुकतो. दोर फांदीवरून घेऊन त्याचं एक टोक बुंध्याला बांधलं आणि दुसऱ्या टोकावर ८० किलोचा माणूस चढू लागला, तर फांदीवर भार ८० किलोचा येत नाही. माणूस एका बाजूने ओढतो, बुंध्याची गाठ दुसऱ्या बाजूने तेवढंच ओढते, आणि फांदीवर जवळपास १६० किलो येतात. घर्षणामुळे थोडे कमी होतात, पण त्यावर कुणी भिस्त ठेवत नाही. उलट वरच फांदीभोवती सरकफास आवळून दोर बांधला, तर फांदीवर येतं एका माणसाचं वजन. दोराचे दोन्ही पदर चढणाऱ्याच्याच पट्ट्याकडे येत असतील, तरीही तेवढंच.

बुंध्याला बांधण्याचा फायदा दुसरीकडे आहे. वरचा माणूस बेशुद्ध पडला, तर खालचा सहकारी गाठ सैल करून त्याला उतरवू शकतो. मात्र वर करवत चालणार असेल, तर बुंध्याकडे उतरलेला पदर पात्याच्या वाटेत येऊ शकतो आणि तो कापला गेला की सगळंच संपलं. म्हणून कुठला बंध कधी, हे कामावर ठरतं.

काहीही ठरलं तरी परीक्षा चुकत नाही. कुणी चढण्याआधी दोघांनी मिळून त्याच दोराला लोंबकळायचं आणि हळूहळू झोके द्यायचे, कान वर ठेवून. चढताना येईल त्याच्या दुप्पट भार फांदीने जमिनीवरच सोसून दाखवला पाहिजे. करकर ऐकू आली तर दुसरी फांदी. वर पोचल्यावर चढणारा बेचकं डोळ्यांनी तपासतो, आणि काम सुरू करण्याआधी खोडाभोवती दुसरा आखूड पट्टा टाकून स्वतःला आणखी एका जागी बांधून घेतो.

या विद्येतलं पुष्कळसं सामान गिर्यारोहण आणि गुहाशोधनातून आलं. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली मांडलेली गाठ आजही वापरात आहे. पातळ दोरीचे वेढे मुख्य दोरावर घालायचे. भार पडला की गाठ आवळते, भार काढला की सरकते. अशा दोन गाठी आळीपाळीने वर सरकवत माणूस उभ्या दोरावरून चढतो. आता बऱ्याच ठिकाणी त्यांची जागा धातूच्या यांत्रिक पकडींनी घेतली आहे, पण तत्त्व तेच आहे.

वृक्षकर्मींइतकंच हे तंत्र शास्त्रज्ञांनाही उपयोगी पडलं. उष्णकटिबंधातल्या जंगलाचा बराचसा संसार छतावर चालतो, आणि खालून तो दिसत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डोनाल्ड पेरी यांनी कोस्टारिकाच्या जंगलात आडव्या धनुष्याने दोरी वर पोचवून चढण्याची रीत बसवली आणि १९७८ साली ती शोधनिबंधात मांडली. त्याच वाटेने वर गेलेल्यांत नलिनी नाडकर्णी होत्या. त्यांचे वडील मोरेश्वर नाडकर्णी मूळचे ठाण्याचे. वॉशिंग्टन राज्याच्या ओल्या जंगलात मेपलच्या फांद्यांवर शेवाळाची जाड गादी असते. ती उचलून पाहिली तेव्हा नलिनीताईंना झाडाची स्वतःचीच मुळं फांद्यांतून फुटून त्या गादीत पसरलेली आढळली. हा शोध १९८१ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. जे पाहायचं तेच काट्यांनी खरवडून वर जाणाऱ्याच्या हाती असं काही लागलं नसतं. २०१५ साली याच नलिनीताई संशोधन करताना साधारण १५ मीटरवरून कोसळल्या. पाठीच्या मणक्यांसह अनेक हाडं मोडली. त्या बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या. हयात दोरावर काढलेल्यांनाही धोका सुटत नाही, एवढं या अपघातावरून लक्षात ठेवावं.

कॅलिफोर्नियातल्या रेडवुडवर हे तंत्र पुरतं कसाला लागतं. जुन्या रेडवुडची पहिली भक्कम फांदी पंधरा-वीस मजली इमारतीच्या उंचीवर असू शकते, तिथे हाताची फेक काय करणार? शास्त्रज्ञ स्टीव्ह सिलेट आणि त्यांचे सहकारी धनुष्याने बाण मारतात. बाणाला मासेमारीची तंगूस असते, तंगुशीने जाडसर दोरी ओढायची आणि त्या दोरीने चढायचा दोर. २००६ साली ‘हायपेरियन’ हे जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड सापडलं, तेव्हा सिलेट यांनी शेंड्यापर्यंत चढून वरून मोजपट्टी सोडली. उंची भरली ११५ मीटरच्या वर.

आपला पश्चिम घाटही यात मागे नाही. तमिळनाडूतल्या कलक्काड–मुंडनथुराई व्याघ्र प्रकल्पातल्या काकाची इथे टी. गणेश आणि सौभद्रा देवी यांनी सदाहरित जंगलाच्या छतावर वर्षानुवर्षं अभ्यास केला. झाडं कधी फुलतात, परागण कोण करतं, फळं कोण खातं, हे त्यांनी वर जाऊन पाहिलं. २००९ साली वृक्षछत्राच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद बंगळूरला भरली होती.

कोकण-गोव्यातल्या माडाला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला फांदी नाही, म्हणजे दोर टाकायला बेचकं नाही. शिवाय माडात कॅम्बियमही नसतो, त्यामुळे त्याच्या खोडाला पडलेली खाच वरून मिटतसुद्धा नाही. चढण्यासाठी पाडलेल्या पायऱ्या जन्मभर तशाच दिसतात, आणि सोंड्या भुंगा अंडी घालायला अशाच ओल्या जखमा शोधतो. पायात दोरीचा फास अडकवून खाचांशिवाय चढणारे पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, माडाचं केवढं भलं करतात, ते यावरून कळेल. पायात अडकवायची चढण्याची यंत्रंही आता मिळतात, तीही खोडाला खाच पाडत नाहीत.

फांद्यांच्या झाडांची गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. दर वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रातल्या शहरांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. रुंद रस्त्यावर शिडीची गाडी येते. जिथे गाडी शिरत नाही त्या गल्लीत आणि सोसायटीच्या आवारात अनवाणी माणूस कंबरेला कोयता खोचून वर जातो. दोर असतो, पण तो तोडलेली फांदी उतरवायला. माणसाला कुणी बांधलेलं नसतं. छाटणीची परवानगी काढताना आपण कागद नीट पाहतो, कारण १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. वर चढणाऱ्याबद्दल मात्र एक ओळही कुठे लिहून घेत नाही.

ती लिहून घ्या. यंदा सोसायटीच्या झाडांचं काम देताना कार्यादेशात चार अटी घाला. जिवंत झाडावर काटे किंवा खिळे वापरायचे नाहीत. माणूस चढण्याआधी दोर वरच्या बेचक्यात टाकून दोघांच्या वजनाने तपासायचा. वर काम करताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा. आणि त्याला खाली आणू शकेल असा दुसरा माणूस जमिनीवर हजर हवा. यामुळे दर थोडा वाढेल, तो द्या. ज्या ठेकेदाराला या अटी परवडत नाहीत, त्याला काम देऊ नका.